रोजनिशी, दैनंदिनी, वासरी

नव्वदच्या दशकात मी वसईतल्या एका मराठी शाळेत रुजू झाले, तेव्हा तिथे मराठी शिकवणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मी साताऱ्याकडची, लग्नानंतर इथल्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली. दुसऱ्या बाई किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यातल्या, ख्रिस्ती, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. लग्न केलं नव्हतं, भाऊ-भावजयीकडे राहायच्या. मी त्यांना बाई म्हणायचे आणि त्याही मला बाईच म्हणायच्या.

घरी त्या कोळीवाड्याची बोली बोलायच्या, शाळेत पुस्तकातली मराठी. एखाद्या पोराने निबंधात 'पानी' लिहिलं तर रागवायच्या नाहीत. 'घरी पानी, पेपरात पाणी,' एवढंच सांगायच्या.

समानार्थी शब्द हा त्यांचा लाडका तास. आमच्या मुलांना डायरी म्हणजे शाळेची डायरी ठाऊक. त्यात आम्ही तक्रार लिहायची आणि घरून सही आणायची. 'डायरी काढ' म्हटलं की पोराचं तोंड उतरायचं. बाई फळ्यावर आधी तोच शब्द लिहायच्या आणि त्याच्याखाली रोजनिशी, दैनंदिनी, वासरी. माणूस स्वतःसाठी लिहितो, त्यावर कुणाची सही लागत नाही, अशीही डायरी असते, हे त्या सांगायच्या तेव्हा पोरांना खरं वाटायचं नाही. झोपायच्या आधी लिहितात म्हणून मुलं रोजनिशीत रात्र शोधायची. तर ती निशी रात्रीची नव्हे. चिटणीस, फडणीस यांच्यातला जो लिहिणारा 'णीस', त्याच्याशी हिचं नातं. वासरीला मात्र वर्ग हसायचा. वासरू की बासरी, असं कुणीतरी विचारायचंच. मग बाई पंचांगातलं रविवासर दाखवायच्या. वासर म्हणजे दिवस.

वासरी कुणीच म्हणत नाही, मुलांवर कशाला लादायचं, असं मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणूनच सांगायचा. आपण सोडला की गेला."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सकाळी शाळेसाठी साडी नेसताना बाई पडल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की ओळखीच्या वस्तू दाखवून नावं विचारत राहा, आणि डाव्या हाताने रोज एखादी ओळ लिहायला लावा. भावाने बँकेतून मिळालेली डायरी उशाशी ठेवली. शनिवारी शाळा अर्धी असायची, ती सुटली की मी जायचे.

पहिल्याच शनिवारी मी डायरी उचलून विचारलं, हे काय? बाईंचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मग स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "वासरी."

भावाला हाक मारता येत नव्हती, पाणी मागता येत नव्हतं, आणि हा शब्द आला. भावजय बाहेर बोंबील वाळत घालत होती, ती तशीच हात न पुसता आत आली. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, जूनपर्यंत बाई शाळेत येतील. डॉक्टर मात्र म्हणाले की असं होतं कधीकधी, त्यावर फार आशा ठेवू नका.

तो शब्द पुन्हा आला नाही. बाई चिडायच्या, डावा हात पलंगावर आपटायच्या. एका शनिवारी मी डायरी दाखवली तेव्हा त्यांनी दारातल्या उन्हाकडे बोट केलं आणि मग तेच बोट चादरीवर लिहिल्यासारखं फिरवलं. दिवस, आणि लिहिणं. अर्थ सगळा जागेवर होता. मी म्हणाले, "हो बाई, तेच." त्या रडायला लागल्या. मला कळलं म्हणून, की त्यांना सांगता आलं नाही म्हणून, ते मला समजलं नाही.

पावसाळा सरता सरता दुसरा झटका आला. त्यानंतर बोट दाखवणंही थांबलं. शाळेत त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही; मुलं इंग्रजी माध्यमाकडे चालली होती, दोन तुकड्यांची एक झाली होती. मी तरीही डायरी घेऊन समोर बसायचे. एकदा त्यांनी ती बराच वेळ पाहिली, माझ्या मांडीवर ढकलली आणि म्हणाल्या, "पानी."

मी घाईने पेला पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं. पुढे सगळ्यालाच पानी झालं. भावालाही पानी, खिडकीलाही, दुखण्यालाही.

एका शनिवारी मी निघाले तेव्हा भावजय मला दारापर्यंत सोडायला आली. हळू आवाजात म्हणाली, "बाई, आता कोनी काय विचारू नका तिला. तुमी गेल्यावर रडत बसते."

त्यानंतर मी विचारलं नाही. नुसती जाऊन बसायचे, शाळेतलं काहीबाही सांगायचे. कोण पास झालं, कुणाचं लग्न ठरलं. त्या माझ्याकडे बघायच्या की मागच्या भिंतीकडे, ते कळायचं नाही.

पुढच्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात बाई गेल्या. दफन झाल्यावर काही दिवसांनी भाऊ शाळेत आला. क्रुसाखालच्या दगडावर नावापुढे एखादी ओळ घालायची होती; तुम्ही मराठीच्या, तुम्हीच सांगा, म्हणाला. मी दोन दिवस मागून घेतले. मला काहीच सुचलं नाही. त्याने नाव घातलं आणि जन्माची व मरणाची तारीख.