जुन्या कॅसेटमधली बैलजोडी

मेहुणा दुबईहून आला, तेव्हा बहिणीसाठी त्यानं काय आणावं? साडी नाही, अत्तर नाही, तर हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम! त्यात आगपेटीपेक्षा लहान एक कॅसेट होती, शेतीच्या खेळाची. नांगरा, पेरा, ढोरं पाळा. दिवसभर रानात राबून आलेली माझी बायको जेवणं आटोपली की पुन्हा शेतीच करायची. मी कपाळावर हात मारून घेतला.

तिचा सगळा जीव त्या खेळातल्या बैलजोडीवर. वासरं होती तेव्हापासून तिनं ती वाढवलेली. आमच्याकडे ट्रॅक्टर आला आणि गोठ्यातली खरी जोडी चुलतभावाकडे गेली. तेव्हापासून पोळ्याला मी ट्रॅक्टरलाच हार घालायचो. ती मात्र गेम दाखवून म्हणायची, "माह्या घरी अजून बैल हायेत."

ऐन श्रावणात गेम बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. खेळ सगळा कॅसेटमध्येच साठवलेला असतो म्हणून बायकोनं ती काढून कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवली.

"बैल गेला अन् झोपा केला," मी चिडवलं.

"गेले नाहीत. याच्यातच हायेत," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. तिचं ते रुसणं मला सोसवेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही मलकापूर गाठलं. स्टेशनाजवळच्या दुकानदारानं दोन नवे गेम काढले. एक मोठ्या पडद्याचा, झकपक. त्यात सिनेमे चालत, पण त्याला सीडीसारख्या चकत्या लागत, कॅसेट बसत नसे. दुसरा बुटका, त्याला खालून जुन्या कॅसेटची खाच.

"हा बुटका कोनी घेत नाही, भाऊ," दुकानदार म्हणाला. "अन् खरं सांगू? पुढं दोन्ही कोनी घेनार नाही. पोट्टे आता मोबाइलवरच खेळून राह्यले."

माझं मन सिनेमावाल्यावर गेलं. "हाच घेऊ न! त्याच्यात नवी जोडी पाळजो."

"काऊन? ट्रॅक्टर आला तवा एक जोडी गेली. आता हे बी घालवता?"

मी सिनेमावाला गेम दुकानदाराकडे परत सरकवला.

तिनं करंडा उघडला, कॅसेट पदरानं पुसली आणि बुटक्याच्या खाचेत बसवली. पडदा काळाच. पुन्हा बसवली, तरी काळाच. दुकानदारानं कॅसेट उजेडात धरली आणि ओरडला, "वहिनी, याच्यात तं कुंकू भरलं!"

बायकोचा चेहरा एवढासा झाला. मी दुकानदारावरच खेकसलो, "पाहून काय राह्यला बे? साफ कर ना!" त्यानं ब्रशनं हळूहळू कुंकू झाडलं, फुंकर मारली, कॅसेट बसवली.

पडदा उजळला. वाडी दिसली, आणि वाडीत शेपट्या हलवत दोन बैल.

"हायेत! दोघंबी हायेत!" बायको केवढ्यानं ओरडली. मोबाइलच्या रिचार्जसाठी उभी असलेली माणसं वळून पाहू लागली.

"बटन तपासून घ्या. जुंपा बरं नांगराले," दुकानदार म्हणाला. बायकोनं गेम छातीशी धरला. "आज खांदमळणी हाय! आज कोनी जुंपते का?"

रांगेतले शेतकरी हसले, पण माना त्यांनी तिच्याच बाजूनं हलवल्या. मग तिनं गेम माझ्यासमोर धरला. "सांगा. आवतन मालकानं द्या लागते."

खांदमळणीला बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. गोठा रिकामा झाल्यापासून ते शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बायको वाट पाहत होती. गोठ्यात म्हणायचो तसंच खणखणीत म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

"हाव, येतो!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. अख्खं दुकान हसलं. मीही हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी बायकोनं पाटावर गेम ठेवून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. घंटी मीच वाजवली. ट्रॅक्टरला हार घालायचं मात्र राहूनच गेलं.