सुंदरबाईंचे पक्के दात

नवनीतने आईच्या खालच्या जबड्यात स्क्रूचे पक्के दात बसवून आणले आणि सुंदरबाईंच्या जिभेलाही धार चढली. भाकरी मुद्दाम कडक मागायच्या. ओट्यावर चार बायका जमल्या की कडाकड चावत सुनेला ऐकवायच्या, “ममता, तुन्ही भाकर खावाले लोखंडनाच दात लागतस. हात कोरडा, कूस बी कोरडी.”

बायका हसायच्या. ममता तवा घासत राहायची.

वर्ष सरायच्या आत त्या दातांभोवतीची हिरडी सुजली. दाबली की पू यायचा. तोंडाला असा वास सुटला की नवनीत आपलं ताट घेऊन ओसरीत बसू लागला.

नंदुरबारच्या डॉक्टर रूपालीने हिरडी उघडून स्क्रू साफ केले, टाके घातले. “मावशी, तपकीर घासता?”

“कवयच सोडी दिधी, बाई.”

डबी तेव्हाही कमरेला खोचलेली होती. हिरडी ठणकली की सुंदरबाई जास्तच घासायच्या. तपकिरीने तोंड बधिर व्हायचं. त्यांना वाटायचं, गुण आला.

डॉक्टरने ममताला बाजूला घेतलं. “हाड अजून धरून आहे. तपकीर सुटली तर दात वाचतील. घरात लक्ष ठेवा.”

ममताने लक्ष ठेवलं. डबी तळाला गेली की माहेरी, अक्कलकुव्याला निरोप जायचा आणि गुजरातकडची कडक तपकीर यायची. सकाळी सुंदरबाईंच्या उशाशी डबी काठोकाठ.

“आते तुले अक्कल उनी,” सासू म्हणाली. लग्नानंतरचा तो पहिला चांगला शब्द.

होळीच्या सुमारास स्क्रू डुगडुगू लागले. डॉक्टरने एकेक काढून ताटलीत ठेवले. हाडच उरलं नव्हतं.

“आईने तपकीर सोडेल होती ना?” नवनीतने ममताला विचारलं.

“मी काय त्यास्ना तोंडमा देखत बसू?”

त्या संध्याकाळी ओट्यावर सुंदरबाईंनी भाकरीवरून काहीतरी सुरू केलं. नुसती फसफस बाहेर आली, हनुवटीवर लाळ ओघळली. बायका हसल्या. या खेपेला ममताही हसली.

मग तिने दुधात भाकरी कुस्करून वाटी सासूपुढे ठेवली. शेजारी डबी, काठोकाठ.

“आत्याबाई, भरेल शे.”

सुंदरबाईंनी डबीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं.

वाटी तशीच राहिली. हात डबीकडे गेला.