नदीकडे मागितलेला शर्ट

ती रेकॉर्ड आमच्या घरात अजून आहे. पाहुणे आले की जावई ती कौतुकाने लावतात. मधल्या एका जागी सगळे हसतात आणि मी खिडकीकडे तोंड फिरवतो. लोकांना वाटतं, म्हातारा जुन्या आठवणींनी हळवा झाला.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी म्युनिकला इंजिनियरिंग शिकत होतो. व्हायोलिन पुण्याहून बरोबर नेलं होतं. तीन जर्मन विद्यार्थ्यांनी मला आपल्या चमूत घेतलं. एक क्लॅरिनेट वाजवायचा, एक गिटार, एक डबल बास. अमेरिकेतली लोकगीतं घ्यायची, शब्द टाकून द्यायचे आणि चाली आधुनिक करून वाजवायच्या, हा त्यांचा उद्योग. आधुनिक म्हणजे बहुतेक वेळा दुप्पट लय.

तालमीला अमेरिकन छावणीतला एक कृष्णवर्णीय सैनिक येऊन बसायचा. एका रविवारी त्याने आपल्या आजीचं गाणं गुणगुणून दाखवलं. क्लॅरिनेटवाल्याने चाल लगेच उचलली. मी सवयीने विचारलं, शब्द काय आहेत? माझ्या गुरुजींनी बंदिशीचे शब्द पाठ झाल्याशिवाय मला गज हातात घेऊ दिला नव्हता. वाजवायची चीज आधी गाता आली पाहिजे, ही आमच्याकडची शिस्त.

"आल्झो, म्हणजे आता हा गाणार," क्लॅरिनेटवाला म्हणाला आणि तिघे हसले. सैनिक मात्र उठला आणि मला बाहेर जिन्यावर घेऊन गेला.

गाणं आजीनेच रचलेलं होतं. तिच्या मुलाला नदीच्या बांधावर कामाला जुंपलं होतं. पूर त्याला घेऊन गेला, प्रेतही मिळालं नाही. ती नदीला म्हणते, मुलगा राहू दे तुझ्याकडे, त्याचा शर्ट तेवढा परत दे, मला पुरायला काहीतरी हवं. त्या ओळीवर आवाज हळूहळू खाली घसरायचा, आपल्या मींडेसारखा. मी ती घसरण व्हायोलिनवर काढून दाखवली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. म्हणाला, बाकीचे काहीही करोत, तू एवढी जागा सावकाश वाजव. मी हो म्हणालो.

कार्यक्रम एका तळघरात होता. सांडलेली बिअर, सिगारेटचा धूर, ओल्या लोकरी कोटांचा कुबट वास. शर्टाच्या ओळीवर क्लॅरिनेटवाल्याने खिदळल्यासारखा आवाज काढला. लोक खूश. मग माझी पाळी आली. मी सावकाश सुरुवात केली. पुढच्या टेबलावर कोणी जांभई दिली, कोणी खुर्ची सरकवली. मी तीच घसरण उचकी लागल्यासारखी वाजवली. हशा पिकला. मी पुन्हा वाजवली. लोक टेबलांवर ग्लास आपटायला लागले.

त्या घामट, लाल तोंडांची मला किळस येते, असं मी घरी वर्षानुवर्षं सांगत आलो. पण त्या तोंडांना काहीच ठाऊक नव्हतं.

सैनिक कोट घालून दाराशी थांबला होता.

"त्यांच्यावर माझा राग नाही," तो म्हणाला. "त्यांनी शब्द विचारलेच नव्हते."

तो पुन्हा तालमीला आला नाही.

पुढे रेकॉर्ड निघाली. कव्हरवरचा मजकूर ठरवताना ही चाल कोणाची, असा प्रश्न निघाला. असल्या चाली कोणाच्याच नसतात, असं गिटारवाला म्हणाला. मी कॉफी ढवळत बसलो. छापलं गेलं: पारंपरिक, रचनाकार अज्ञात.

गेल्या आठवड्यात घरी पाहुणे होते. ती जागा आली, हशा झाला, आणि मी उठून सुई उचलली. मग ती ओळ गायलो, सैनिकाने शिकवली होती त्याच लयीत. घसा फाटका, पण शब्द चुकला नाही.

"अहो बाबा, छान चालली होती की," जावई अवघडून म्हणाले आणि सुई परत ठेवायला त्यांनी हात पुढे केला.

मी रेकॉर्ड माझ्या खोलीत आणली. कव्हरवरच्या 'अज्ञात'वर काट मारली आणि पेन धरून बसलो. शब्द विचारले होते, त्या आजीचं नाव विचारलं नव्हतं.