अण्णाच्या गाडीची पुढची सीट

फरशीवर पडलेला तेलाचा डाग रॉकेल मारलं की जातो. किस्से मात्र कशानंच जात नाहीत. एक पुसायला जावं तर शेजारी दुसरा उमटलेला असतो. अण्णाच्या गाडीनं आमच्या टोळक्यात असे इतके डाग पाडून ठेवलेत की कुठला आधी दाखवू असं होतं.

अण्णा म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. सातवीत मला शाळेनं सोडलं, अण्णानं नाही. नृसिंहवाडीजवळ त्याचं उसाचं रान. आणि वडिलांच्या वेळची निळी मोटार, जी उभी राहिली की खालनं इंजिन ऑइल गाळत बसते. दर गुरुवारी अण्णा रानाकडं निघतो आणि त्याच गाडीतनं आम्ही वाडीला दर्शनाला. वैनी, म्हणजे अण्णाची बायको, मागं बसणार. पुढं बसायचा कायदा एकच: निघताना जो तेल घालेल, तो पुढं! डबा माझा, म्हणून सीट माझी. ती मी कुणाला दिली नव्हती आणि देणारही नव्हतो.

*

उद्यमनगरात सलीम मेस्त्रीचं गॅरेज आहे. एकदा त्यानं अण्णाची गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरला आणि बॅटरी मारली.

अण्णानं वरनं विचारलं, "सलीम, काय दिसतंय?"

"वरच्या कव्हरचं पॅकिंग गेलंय. खालच्या चेंबरचं पॅकिंग गेलंय. मागचा ऑइल सील गेलाय."

"अरं, मग राहिलंय काय?"

खड्ड्यातनं आवाज आला, "तुमी राहिलाय की, अण्णा!"

*

अण्णाची गाडी पावण्यांच्या दारात थांबली की घरातनं पळत येते ती परात. माणसाला पाणी नंतर, गाडीखाली परात आधी! जयसिंगपूरला त्याच्या मेव्हण्याकडं तर एक परात या कामासाठीच वेगळी ठेवलेली. तिच्यात घरातलं कुणी पीठ मळत नाही, एवढा तिचा मान.

एकदा मी त्या घरी एकटाच गेलो, स्कूटरवरनं. फाटक वाजलं तशा मेव्हण्याच्या बायको परात घेऊन धावत आल्या. मला बघितलं, रस्त्याकडं बघितलं.

"अण्णा न्हाईत व्हय?" म्हणाल्या आणि परात घेऊन परत फिरल्या. चहा आला, पण अर्धा कप!

मी मनात म्हटलं, बाळ्या, तूसुद्धा कुठंतरी गळायला पाहिजे होतास.

*

मग माझ्या पोरानं नवी कोरी गाडी घेतली. पांढरीशुभ्र, बटणावर चालू होणारी. मी ती रंकाळ्यावर मुद्दाम अण्णाच्या गाडीला खेटून लावली. म्हटलं, आता बघू कोण कुणाकडं बघतंय!

सगळी माणसं निळीभोवती. एकजण खाली वाकलाय, दुसरा सांगतोय, "आमच्या आबांचीबी अशीच हुती वो!" माझ्या गाडीचा उपयोग एवढाच झाला की एकजण तिला टेकून चहा प्याला. माझा असा जळफळाट झाला की विचारू नका!

दुसऱ्या दिवशी अण्णा यायच्या आत गेलो. नव्या गाडीखाली वाटीभर तेल ओतलं आणि लांब जाऊन कणीस खात उभा राहिलो. जमली की माणसं! चहावाल्यानं वाकून बोट लावलं, वास घेतला आणि ओरडला,

"आरं, अण्णा येऊन गेलं व्हय हितनं?"

*

अशात आमच्यात शिंदे साहेब आले. बँकेतनं मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. इंजिनाचं सगळं ज्ञान मोबाईलवरच्या व्हिडिओतलं. पहिल्याच दिवशी ते रुमाल अंथरून गाडीखाली आडवे झाले.

अण्णा मला म्हणतो कसा, "बघ बाळ्या, एवढं साहेब असून खाली घुसलं!"

मी जन्मभर त्या गाडीखाली घुसतोय. तेव्हा मी काय मांजर होतो?

पुढच्या गुरुवारी मी डबा घेऊन गेलो, तर गाडी जाग्यावर नाही. अण्णा शिंद्यांना रान दाखवायला घेऊन गेलेला. मला एका शब्दानं सांगितलं नाही! असा भडकलो की हातातल्या डब्यातलं तेल पेटलं असतं.

*

आता अण्णाचं घर जैनांचं. तिथं कांदा-लसूण चालत नाही, मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा तर वेशीबाहेर. आणि अण्णा कुठं गेलता हे गावात कुणी अण्णाला विचारत नाही, डाग बघून सांगतात.

मी काय केलं, त्याच्या गल्लीच्या तोंडाला मटणाची खानावळ आहे, तिच्या दारात व्यवस्थित तेल ओतलं. मिसळीवर कट सोडावा तसं!

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. एक म्हणाला, "अण्णा आत बसलं हुतं." दुसरा म्हणाला, "कोपऱ्यातल्या टेबलावर." तिसऱ्यानं तर त्याला रस्सा परत मागताना ऐकलं होतं! अण्णा बिचारा ज्याला त्याला, "न्हाय वो, शपथ न्हाय!" म्हणत फिरतोय. आणि मी सगळ्यात पुढं उभा राहून म्हणतोय, "अण्णा, वयाच्या मानानं जरा जपून खावा."

तेवढ्यात वैनी आल्या. कुणाशी बोलल्या नाहीत. थेट खानावळीसमोर गेल्या, वाकल्या, डाग बघितला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या,

"आमच्या गाडीतनं तेल पडतंय ते डांबरासारखं काळं. हे तर तुपावानी पिवळंधमक हाय. भावजी, नवा डबा फोडलासा व्हय?"

सगळी गल्ली हसली. अण्णा सोडून.

गुरुवारी मी नेहमीसारखा पुढचं दार उघडायला गेलो. अण्णा समोर बघतच म्हणाला, "बाळ्या, मागं बस."

पुढं शिंदे!

*

शिंद्यांनी गळती बुजवायची कसलीशी ट्यूब आणून चेंबरभोवती फासली. पुढच्या गुरुवारी जयसिंगपूरला थांबलो, परातीत थोडे थेंब. त्याच्या पुढच्या गुरुवारी परात कोरडी! मेव्हण्याच्या बायकोनं शिंद्यांना ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. चहा त्यांना भरून कप, वर खारी.

"लीकेज हा मॅनेजमेंटचा प्रश्न असतो," शिंदे खारी बुडवत म्हणाले.

"ऐक बाळ्या," अण्णा म्हणाला, "आमी एवढी वर्षं नुसतं तेल वतत बसलो!"

आमी! ओतत होतो मी! आता ओतायचंच नाही म्हटल्यावर मला कोण विचारतंय? वाडीपर्यंत डोळ्यांसमोर शिंद्यांचं टक्कल. त्याच्यावर एक टपली मारायची इच्छा देवाच्या दारापर्यंत आवरून नेत होतो. तेवढ्या पुण्याईवर माझ्या सात पिढ्या तरतील.

*

आणि मग तो गुरुवार. वाडी जवळ आलेली, दोन्ही बाजूला ऊस. इंजिनातनं आधी टकटक, मग खडखड. अण्णानं झटक्यात गाडी बाजूला घेऊन बंद केली. बॉनेट उघडलं.

शिंद्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली, रुमालाला पुसली, परत घातली, परत ओढली. रुमाल पांढरा तो पांढराच!

"गळत नव्हतं ना," शिंदे म्हणाले, "म्हणून मी पट्टी बघितलीच नाही."

"गळायला आत तेल पायजे की वो, साहेब!" अण्णा ओरडला. "आणि एवढ्या गुरुवारात कुणीच घातलं न्हाय?"

शेजारनं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. अण्णानं गाडीच्या टपावरनं हात फिरवला, वडलांच्या पाठीवरनं फिरवावा तसा. मग माझ्याकडं वळला. त्या खानावळीपासनं तो माझ्याशी नीट बोलला नव्हता.

"बाळ्या, तेल हाय काय रं?"

"हाय की."

"मग दे की मर्दा!"

"कायदा काय हाय?"

अण्णा काही बोलायच्या आत शिंद्यांनी आपणच पुढचं दार उघडलं, चष्म्याची डबी आणि पेपर उचलला आणि मागं जाऊन बसले. मी पिशवीतनं डबा काढला आणि सगळा रिकामा केला. अण्णानं किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि लागली. जरा वेळानं खालनं आवाज आला, टप्. अण्णानं वाकून बघितलं आणि लहान पोरासारखा हसला.

मी पुढं बसलो. थोडं अंतर गेल्यावर मागनं वैनींचा आवाज आला.

"भावजी, मागं बसायला लागल्यापास्नं ती पिशवी दर गुरुवारी तुमच्या मांडीवर असायची. म्या म्हटलं परसाद असंल. एवढं दिस तुमी ह्यो डबा मांडीवर घिऊन बसलतासा?"

अण्णानं स्टिअरिंगवरनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "वैनी, काच वर घ्या. धूळ यायलीया."