न मोजलेला वाचक

बर्वे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "बरं," एवढंच म्हणालो आणि पुन्हा स्क्रीनकडे वळलो. त्याला आता महिना झाला. पुण्यात ज्या माणसाने मला पहिल्यांदा बसायला जागा दिली, त्याच्यासाठी रडू आलं नाही... का, ते लिहायलाच हवं.

सर सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. मी त्या कॉलेजचा नव्हतो. विदर्भातल्या तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातून दहावीपुढे गेलेला पहिलाच, भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी. आमच्याकडच्या विहिरी का आटतात यावर प्रबंध लिहायचा होता. भूजलावरचं एक परदेशी त्रैमासिक फक्त त्यांच्याकडे येतं असं कळलं, म्हणून वाचनकक्षाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"अहो, दारात उभं राहून वाचता येत नाही. आत या, नाहीतर उजेड तरी सोडा."

"सर, मी इथला सभासद नाही."

"मी विचारलं?"

त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो. अडलेला इंग्रजी शब्द सर न कंटाळता समजावून द्यायचे. त्यांचे उपकार मी नाकारत नाही.

तो काळ कॉम्प्युटरचा होता. जो तो कोर्स लावत होता. कॉलेजला वाचनकक्षाची अर्धी जागा कॉम्प्युटरसाठी हवी होती. कोणती नियतकालिकं बंद करायची हे ठरवण्यासाठी समितीने वापर मोजायला सांगितला. 'वाचलेले अंक टेबलावरच ठेवावेत' अशी पाटी लागली. रोज संध्याकाळी टेबलावर पडलेले अंक बघून सर तक्त्यात एकेक रेघ मारायचे. मला मात्र त्यांनी हळूच सांगितलं, "तुम्ही आपला अंक जागेवर ठेवत जा." मला अभिमान वाटला. पाहुण्याचं ताट दुसरा उचलतो, घरचा माणूस आपलं आपण उचलतो... मी तसंच समजलो. अंकाच्या कडा जुळवून कपाटात ठेवायचो.

वर्ष संपलं आणि बंद होणाऱ्या नियतकालिकांची यादी भिंतीवर लागली. भूजलाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'वापर : शून्य'. खाली सरांची सही.

"सर, मी रोज वाचत होतो."

"हळू बोला."

"तुम्हाला माहीत होतं!"

"हा विषय इथे शिकवतच नाहीत. रेघ दिसली असती तर विचारलं असतं, कोण वाचतं? काय सांगू, बाहेरचा मुलगा? तुमचं येणं त्याच दिवशी बंद झालं असतं."

"मग मला विचारायचं तरी."

सर टेबलावरचे अंक गोळा करू लागले. जुने बांधीव खंड रद्दीत गेले. माझा प्रबंध अर्धाच राहिला. मीही कोर्स लावला, नोकरी लागली, कर्वेनगरला फ्लॅट झाला. आई-वडील सुखात आहेत. पण सरांकडे पुन्हा गेलो नाही. माझ्या वतीने त्यांनी परस्पर ठरवलं होतं, की मला खुर्ची पुरे.

गेल्या आठवड्यात शनिवार पेठेत त्यांच्या घरी गेलो. नाव सांगताच काकू म्हणाल्या, "म्हणजे ते पाण्यावरचं वाचणारे तुम्हीच!"

मी चमकलो.

"अहो, रोज दारात चपला काढता काढता सुरू व्हायचे. 'आज तीन तास बसला.' 'आज जेवायलाही उठला नाही.' मी म्हणायची, पगार त्याचा देतात का तुम्हाला!"

काकू हसल्या. मला हसता येईना. म्हणजे मोजलं होतं त्यांनी. रोज, तासांसकट... स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं.

निघताना दाराशी बूट घालायला वाकलो. बाजूला सरांच्या चपला होत्या, काकूंनी अजून हलवलेल्या नव्हत्या. टाचेशी झिजलेल्या, नीट जोडून ठेवलेल्या.

"हे तिकडे समितीत सांगायचं होतं, सर," मी म्हणालो.