भिशीचा कॉम्प्युटर

"गेम खेळायला कॉम्प्युटर घ्यावा म्हणतो," असं हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी नवऱ्यावर कधी हात उगारलेला नाही. पण त्या दिवशी लाटण्याचा नेम मनातल्या मनात धरून बघितला. माझी भिशी लागली होती. कंपनीत आमच्या लाईनवरच्या बायका दर महिन्याला पैसे काढतात, चिठ्ठी टाकतात आणि जिचं नाव निघेल तिला सगळे देतात. माझं नाव दीड वर्षानं निघालं होतं. त्यात मी वॉशिंग मशीन बघून ठेवलं होतं, अगदी रंगासकट. आणि ह्या माणसाला गेम सुचतोय!

हे आठ महिन्यांपासून घरीच होते. चाकणकडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होते. पत्रा ठेवायचा, वरून ठोका बसतो, पार्ट तयार, की दुसरा पत्रा. एका दुपारी पत्र्याबरोबर उजवा हातही आत राहिला. तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं, पण त्या बोटात जीव नव्हता. डॉक्टरांनी टाचणी टोचली, हे नुसते बघत बसले, कुणी दुसऱ्याला टोचतंय तसे. नस जोडली आहे, डॉक्टर म्हणाले, संवेदना आली तर हळूहळू येईल, पण बोट वापरत राहा, नाही वापरलं तर ते आखडून जाईल. आणि हे तर हात खिशातून बाहेरच काढत नव्हते. जेवायचे डाव्या हातानं, दाढी डाव्या हातानं, शर्टाची बटणं मी लावायची. एकदा मी चिडून विचारलं, "अहो, त्या बोटाचं एवढं काय वावडं?" तर म्हणाले, "ते माझं वाटतच नाही गं. दुसऱ्याचं कुणाचं तरी चिकटवल्यासारखं वाटतंय."

त्यानंतर मी विचारलं नाही. पण मनात एकच धरून बसले होते, की काही होवो, ते बोट पुन्हा ह्यांचं होऊ दे. नोकरी, पैसा, बाकी सगळं नंतर बघू.

म्हणून लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, गेमच का? तर हे खाली मान घालून म्हणाले, "मोबाईल धरता येत नाही. कॉम्प्युटरवर माऊस डाव्या हातात धरीन आणि बटणांवर उजवा ठेवीन. चालायला, पळायला, उडी मारायला मिळून चार-पाच बटणं लागतात. दाबायला तर लागंल ते बोट." झालं! वॉशिंग मशीन तिथल्या तिथे गेलं. मी वरवर तोंड वाकडं करून म्हटलं, "बघू," पण आत माझा जीव एवढा हलका झाला की त्या दिवशीच्या दोन पोळ्या करपल्या.

मग सुरू झालं यादीचं प्रकरण. भोसरीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे दिवसभर वही घेऊन बसायचे. डाव्या हाताची अक्षरं, ओळ सुरू व्हायची वर आणि संपायची खाली. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, लिहायचे, खोडायचे. मी कंपनीतून आले की चहाच्या आधी ग्राफिक कार्डाचा भाव. हे जुनं कार्ड घेतलं तर चित्र चांगलं, पण मग रॅम कमी. रॅम वाढवली तर डबा साधा. ह्या सगळ्याच्या वरून जो लोखंडी डबा असतो त्याला कॅबिनेट म्हणतात. त्यात रंगीत दिवे लावून घ्यायचे का, ह्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. "दिव्यानं वेग वाढतो का?" मी विचारलं. "नाही." "मग आपली दिवाळीची माळ आहे माळ्यावर, ती गुंडाळा." हे हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी ह्यांचे दात बघितले असतील.

भांडण झालं ते प्रोसेसरवरून. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. नवं, मोठं डोकं आपल्याला परवडत नाही, असं ह्यांनी मला समजावून सांगितलं. मग मागच्या सालचं, हलकं घ्यायचं आणि कंपनीनं जो वेग ठरवून दिलाय त्याच्या वर आपण पळवायचं. त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. कमी पैशात वरच्या मॉडेलचं काम.

मी भाजी निवडत होते. माझा हात थांबला.

इथे मला एक सांगायला पाहिजे. त्या प्रेससमोर सेन्सर होता. हात आत गेला की मशीननं जागच्या जागी थांबायचं, त्यासाठीच लावलेला. पण तो उगीच कशानंही मशीन थांबवायचा, आणि मशीन थांबलं की पार्ट कमी निघायचे, टार्गेट राहायचं. म्हणून तिथली सगळी माणसं सेन्सरला चकवून ठेवायची. ह्यांनीही ठेवला होता, ह्याच हातानं. सगळेच करत होते आणि साहेब बघून न बघितल्यासारखं करत होते. हे मला दवाखान्यातून घरी आल्यावर कळलं, ह्यांच्याच तोंडून.

म्हणून मी भाजी बाजूला सारली आणि बोलू नये ते बोलले. "ठरवून दिलेल्याच्या वर पळवायची हौस अजून फिटली नाही का हो तुमची? तीन बोटं घालवून पोट भरलं नाही?"

"काय बोलायलीस तू," एवढंच हे म्हणाले. वही मिटली, टीव्हीच्या मागे सारली. दोन दिवस घरात आवाज होता तो फक्त कुकरचा. मला माझ्या जिभेची एवढी लाज वाटली म्हणून सांगू! पण माफी मागणं मला जमत नाही, हा माझा जुना दोष आहे.

तिसऱ्या दिवशी हे अंघोळीला गेले आणि मी गुपचूप वही काढली. वाटलं, निदान बघावं तरी, काय काय खोडलंय. पानंच्या पानं भरलेली. आणि प्रत्येक वस्तूच्या पुढे, किमतीच्याही आधी, एक प्रश्न लिहिलेला: आपोआप थांबतो का? पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज देणारी पेटी, त्यात ह्यांनी तीन स्वस्त पेट्यांवर काट मारली होती, कारण जास्त वीज ओढली तर त्या स्वतःहून बंद पडतील ह्याची खात्री नव्हती. प्रोसेसरच्या पानावर लिहिलं होतं, "फार तापला तर स्वतः वेग कमी करतो. तरी तापला तर बंद होतो. ह्याला चकवता येत नाही." 'येत नाही'च्या खाली दोन रेघा.

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. पळवायचं होतं ह्यांना, पण जे स्वतःहून थांबतं तेच. अंघोळ करून हे बाहेर आले तेव्हा वही माझ्या मांडीवर होती आणि माझं नाक लाल. मी म्हटलं, "माझ्या सुट्टीच्या दिवशी जाऊ आणायला. चुकलं माझं." ह्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "चहा ठेव."

ज्यांना ह्यातलं कळतं ते मला हमखास विचारतात, शेवटी वेग किती वाढवला? आकडा मला माहीत नाही. पण पद्धत माहीत आहे, कारण नंतर शेजारी बसून मी ती बघितली. एक पायरी चढवायची, तासभर राबवून बघायचं, तापमान लिहून ठेवायचं, मग दुसरी. जिथे अडखळलं तिथून एक पायरी खाली आले आणि तिथेच राहिले. त्यावर नेला नाही.

दुकान चिंचवडला होतं. जुना-नवा माल ठेवणारं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं असं. दुकानदार ह्यांची यादी बघून म्हणाला, "भाऊ, पॉवर सप्लायमध्ये कशाला एवढे घालवता? साधा घ्या, त्यात कार्ड वरचं बसवून देतो." परक्या माणसासमोर ह्यांचा आवाजच फुटत नव्हता त्या काळात. मग मीच म्हटलं, "यादीत आहे तेच द्या हो दादा. आणि कूलरच्या भावात पेस्ट धरा, वर मागू नका." ही पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर ह्यांच्या मध्ये लावायचं मलम. घासाघीस मी मन लावून केली, कॅबिनेट तर त्याच्याकडे पडून राहिलेलं, जवळजवळ फुकटातच आणलं. शेवटी त्यानं विचारलं, "जोडून देऊ का?" मी ह्यांच्याकडे बघितलं. हात खिशात. "नको," हे म्हणाले. "घरी जोडतो."

सतरंजीवर जुनी चादर अंथरली आणि बसलो. हे सांगायचे, मी करायचे. प्रोसेसर बसला नीट. पेस्ट लावली, जरा जास्तच, ट्यूब संपली. वर तो भलामोठा कूलर घट्ट केला. मग राहिल्या वायरी, आणि तिथे मी ह्यांना म्हटलं, आता तुम्ही गप्प बसायचं. महाळुंग्याला आमच्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनतं. बोर्डावर वायरी ओढायच्या, जुडी करायची, टेप गुंडाळायची. बारा वर्षं तेच करते मी. त्या कॅबिनेटच्या मागच्या बाजूनं मी अशी सुरेख जुडी बांधली, या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप, एक वायर लोंबत असेल तर शपथ. हे सुद्धा म्हणाले, "वा!"

बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळा तो काळाच. अर्धा तास यादी, व्हिडिओ, पुन्हा यादी. मग हे हळूच म्हणाले, "अगं, प्रोसेसरला वीज देणारी वायर कुठाय?" ती माझ्या त्या सुरेख जुडीत होती. टेपच्या आत, छान गुंडाळलेली, कुठेच न लावलेली! आमच्या बोर्डावर जेवढ्या वायरी समोर दिसतात तेवढ्या जुडीत घ्यायच्या, हाताला तीच सवय.

स्विच बंद करून टेप कापली, वायर सोडवली. पण ती लावायची जागा होती अगदी वरच्या कोपऱ्यात, कूलर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत. माझा हात जाईना. बांगड्या काढल्या, साबण लावून पुसला, तरी मधली बोटं आडवी यायची. कूलर काढावा तर पेस्ट पुन्हा लावावी लागते, आणि ती तर संपलेली. मी हात बाहेर काढला आणि एकदम माझ्या लक्षात आलं की ह्या फटीत कुठला हात जाईल. बोलायचं मात्र धाडस होईना. मी नुसती वायरीचं टोक धरून बसले.

ह्यांच्याही लक्षात आलं होतं. हे फटीजवळ सरकले. मग खिशातून हात काढला, माझ्या हातातलं टोक अंगठा आणि त्या बोटाच्या चिमटीत धरलं, आणि हात आत घातला. आडवं यायला काही नव्हतंच. गेला सरळ. "लागलंय का कळत नाही मला," हे म्हणाले, "तू कान दे." मी कान पत्र्याला लावला. टक् वाजलं. "बसली!" मी ओरडले.

हात बाहेर ओढताना पत्र्याची धार लागली. त्याच बोटाच्या कडेला रक्ताची बारीक रेघ उमटली. त्या हाताचं रक्त बघायची माझी ताकद आठ महिन्यांपूर्वीच संपली होती. मी धावत हळदीचा डबा आणला, चिमूट भरली, बोट धरलं. आणि ह्यांनी बोट मागे घेतलं.

मी वर बघितलं. हे डोळे मोठे करून त्या रेघेकडे बघत होते.

"अगं," हे म्हणाले. "चरचरायलंय."

"काय?"

"चरचरायलंय गं! इथं. ह्या बाजूला." आवाज फुटला ह्यांचा. मी हळद घेऊन पुढे झाले तर डाव्या हातानं माझं मनगट धरलं, घट्ट.

"थांब," म्हणाले. "राहू दे जरा."