शैलाच्या न दिसणाऱ्या सुया

शैला गेली, आणि तिच्या सुया आमच्या देवघरात राहिल्या.

शैला माझी नणंद. मेहकरची पोरगी, हैदराबादच्या एका लॅबमध्ये कामाला होती.
काचेची बारीक नळी तापवून ओढायची. टोक इतकं बारीक, की डोळ्यांना दिसूच नये. त्यांनाच ती सुया म्हणायची.

मी मॅट्रिक. भाकरी थापता थापता तिला विचारलं होतं, "इतकं बारीक कामून लागतंय?"

"वैनी, त्यात प्रोटीनचं पाणी भरायचं. करंट दिला की टोकातून धुकं निघतंय. पाणी हवेत उडून जातंय, अन् प्रोटीन एकटंच मशीनमध्ये जातंय. तिथं त्याचं वजन कळतंय. टोक बारीक असलं की सँपल कमी लागतंय, वाया जात न्हाई."

वाया जात नाही म्हटल्यावर मला पटलं.

तेव्हापासून पहाटे जोंधळ्यावरचं दव उडताना बघत बसते.

एका खंडेनवमीला तिने सुयांचा डबा घरी आणला. त्या दिवशी आमच्याकडे विळा, तराजू, शिलाई मशीन, सगळ्या अवजारांची पूजा असते.
सासूबाईंनी भक्तिभावाने एकेका टोकाला हळदकुंकू लावलं.
सगळी टोकं मोडली.

शैला बघत राहिली, मग हसत सुटली. "आई, तुझ्या कुंकवापुढं देव तरी कसा टिकतोय गं?"
"दिसत न्हाई ते पूजेला आणलंस कामून?" सासूबाई म्हणाल्या.

गेल्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि शैला गेली.
तिच्या बॅगेत सुयांचा नवा डबा निघाला. सासूबाईंनी तो देवापाशी ठेवला. कुणी हात लावायचा नाही.

मग तिच्या लॅबमधल्या रेहानाचा फोन आला. एका आजारी लेकराचं तपासणीचं सँपल थेंबभरच उरलं होतं. इतक्या बारीक सुया शैलालाच जमायच्या. त्या मिळतील का?

"पोरीच्या हातचं एवढंच राह्यलंय. देणार न्हाई," सासूबाई म्हणाल्या.


खंडेनवमीला त्यांनी डबा काढला. उघडला नाही. झाकणावर कुंकू लावलं, हात जोडले.
"अवजार कामाला गेलं न्हाई तर पूजा कशाची? पाठव."

आमचे हे स्वतः हैदराबादला नेऊन देऊन आले.

काही दिवसांनी रेहानाचा व्हिडिओ आला. "भाभी, स्प्रे आया."
म्हणजे टोकातून धुकं निघालं होतं. स्क्रीनवर मला काहीच दिसलं नाही. सासूबाई मात्र बराच वेळ बघत होत्या.
"हाय की. हळूच चाललीय."

आज वर्षश्राद्ध.
शैला, तुझ्या हातचं काही वाया गेलं नाही.
सुखात राहा बाई.